श्वासापुरती जागा

माझ्या तोंडात पाण्याची नळी, आरसा आणि मारिसोलची दोन बोटं एवढा ऐवज असताना दातांच्या दवाखान्यातल्या छताच्या स्पीकरवर ते गाणं लागलं. आवाज नवा, कुणा पोरीचा. गाणं जुनं, कॉय लटरेलचं. 'कालव्याचं पाणी गेलं पुढच्या गावाला' एवढं म्हणून ती पोरगी थांबली, तिच्यामागचा बँड थांबला, आणि मी श्वास घेतला. म्हणजे माझ्या छातीने घेतला. मला विचारलंसुद्धा नाही. तोंडातलं पाणी नको तिकडे गेलं, मी ताडकन उठून बसले, आरसा खाली पडला आणि असा ठसका लागला की शेजारच्या खोलीतला डॉक्टर डोकावून गेला. "मिस व्हर्लीन, नाकाने घ्या श्वास, नाकाने," मारिसोल पाठ चोळत म्हणाली. सत्त्याहत्तर वर्षं घेतेय बये, तू नको शिकवूस, असं म्हणायचं होतं, पण ठसक्यात सगळं वाहून गेलं. मारिसोल लहानपणी शाळेत माझ्या हातच्या बीन्स खाऊन वाढली आहे, म्हणून तिचं मी खपवून घेते. तिने कागदी पेला हातात दिला आणि स्पीकरकडे बोट दाखवलं. "काय गाणं आहे ना? कॉय मधे थांबतो तिथे माझ्या तर अंगावर काटा येतो. त्याला म्हणे आधीच कळलं होतं, आपण मरणार म्हणून." "कुणी सांगितलं तुला?" "सगळेच म्हणतात." मी चूळ भरली, गुलाबी पाणी थुंकलं आणि पुन्हा आडवी झाले. तोंड उघडं ठेवायला सांगितलं की माणसाला काही बोलावं लागत नाही, हे एक बरं असतं.

त्याला काही कळलेलं नव्हतं. तो थांबायचा ते माझ्यासाठी. एवढंच वाक्य आहे, आणि ते मी चौपन्न वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही. फ्लॉइडलासुद्धा नाही, आणि फ्लॉइड एकतीस वर्षं माझा नवरा होता, भला माणूस होता, रेडिओवर कॉय लागला की काही न विचारता उठून बटण फिरवायचा. एकोणिसाव्या वर्षी मला खोऱ्यातला ताप आला. आमच्याकडे वारा सुटला की कापसाच्या शेतातली माती उठते, आणि त्या मातीत जे असतं ते एखाद्याच्या छातीत घर करतं. तीन महिने मी खाटेवर होते. उठले तेव्हा डावं फुप्फुस कामातून गेलं होतं. आई म्हणाली, "दम लागतो हे कुणापाशी बोलू नकोस. अर्ध्या छातीची गाणारीण कोण ठेवेल?" मी बोलले नाही. ऑइलडेलच्या बारमध्ये तेव्हा आमच्या वाट्याला एकच माइक यायचा. मी आणि कॉय, दोघांनी गायचं म्हणजे नाकाला नाक लावून उभं राहायचं, आणि बघायचं ते डोळ्यांत नाही, ओठांकडे. शब्द कधी सुटणार ते ओठ सांगतात. डोळे थापा मारतात. कॉयच्या तोंडाला कायम लोणच्याच्या काकडीचा वास यायचा, कारण बारवाला गाणाऱ्यांना फुकट तेवढंच द्यायचा. पहिल्याच कार्यक्रमात पहिली ओळ संपली आणि माझा दम संपला. दुसरी ओळ अंगावर येत होती, छाती अजून निम्मीसुद्धा भरली नव्हती. मला वाटलं, झालं, आता हा पुढे जाणार आणि मी चारचौघांत उघडी पडणार. तो गेला नाही. तारांवर तळहात आडवा टाकून माझ्या ओठांकडे बघत उभा राहिला. ड्रमवाल्याने काठ्या हवेत धरल्या, स्टील गिटारचा सूर लोंबकळत राहिला, लोकांनी ग्लास तोंडाशी नेता नेता हात थांबवले. मग माझा श्वास पुरा झाला, माझे ओठ हलले, आणि आम्ही दोघं एकदमच 'मी मात्र इथेच राहिलो' वर उतरलो. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "चुकलास की रे." "हो," तो म्हणाला. "रोज चुकणार आहे. सवय करून घे." त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही, आणि पुढची दोन वर्षं आम्ही त्या ओळीपाशी रोज चुकलो.

प्रेम होतं का, असं विचारतील. मला नाही माहीत. नाकाला नाक लावून दोन वर्षं उभं राहिल्यावर त्याला काय म्हणायचं ते ज्याने त्याने ठरवावं. एकमेकांच्या घरी आम्ही फारसे गेलो नाही; त्याच्या घरी बायको होती. मला त्याच्या दाढांपर्यंत सगळं तोंड पाठ होतं, आणि त्याच्या आईचं नाव मात्र मला मयतीच्या पत्रिकेवर कळलं. कॉयचे केस खांद्यापर्यंत वाढवलेले. आमच्या कापूसवाल्यांना तो हिप्पी वाटायचा आणि लॉस एंजलिसच्या हिप्पींना गावंढळ. दोन्हीकडून बाटल्या यायच्या. तो हसायचा, म्हणायचा, "व्हर्ल, दोघांनी मिळून फेकल्या तर बँड झाला म्हणायचा." आमच्या बापांची रडकी गाणी तो विजेच्या गिटारवर, कानठळ्या बसतील अशा ड्रमवर गायचा, आणि तरी ती रडकीच राहायची. हे त्याच्याआधी कुणाला जमलं नव्हतं. आज जो उठतो तो तसंच गातो, आणि कुणालाही बाटल्या बसत नाहीत.

एकाहत्तरच्या फेब्रुवारीत आम्ही लॉस एंजलिसला रेकॉर्ड करायला गेलो. तिथे आम्हाला दोन माइक दिले. मधे काचेची भिंत. कंपनीचा माणूस पांढऱ्या बुटांत आला आणि म्हणाला, "इथे असंच करतात, पोरांनो. दोन माइक म्हणजे दुप्पट आवाज." आम्हाला तो थाटच वाटला. मला स्वतंत्र माइक, स्वतंत्र स्टूल, पाण्याचा स्वतंत्र पेला. मी आईला फोन करून सांगितलं. काचेतून ओठ दिसत होते, मग काय हरकत? आमच्यात कुणालाच कळलं नाही की एका माइकवरचे दोघं वेगळे काढता येत नाहीत आणि दोन माइकवरचे येतात. शहरातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. आम्ही वेडे तिथे एकमेकांना काचेतून अंगठे दाखवत होतो. गाणं एका फटक्यात झालं. माझ्या आयुष्यात मी त्याहून चांगलं कधी गायले नाही, आणि ते कुणी ऐकलेलं नाही.

मे महिन्यात तो रेकॉर्ड घेऊन दारात आला. आई आत भेंडी तळत होती, तेलाचा धूर घरभर झाला होता म्हणून आतलं दार उघडं होतं आणि फक्त जाळीचं लावलेलं. तो जाळीपलीकडे उभा. "व्हर्ल, तुझा आवाज काढला त्यांनी." मी म्हटलं, "आणि तू?" "मी तिथेच बसलो होतो." "बसून काय केलंस?" "काही नाही." बराच वेळ तो बुटाच्या टाचेने पायरी खरवडत राहिला. "आवाज गावरान आहे म्हणाले, रेडिओवाले घेणार नाहीत म्हणाले. करारावर सही केलेली होती, व्हर्ल. पण टेपवरची मधली जागा ते ब्लेडने कापायला निघाले होते. म्हणे, बाईच गेली, आता थांबायचं कशाला? ते मी होऊ दिलं नाही. कापणाऱ्याचा हात धरला मी. तुझी जागा आहे तशी आहे." खरं तर त्या क्षणी मला ते समजलं होतं. म्हणजे किती मोठी गोष्ट त्याने केली ते नाही, पण काहीतरी केलं आहे एवढं समजलं होतं. आणि ते समजल्यामुळेच बहुतेक मी जास्त चिडले. "वा! ताट वाढून ठेवलंस आणि माणसाला हाकलून दिलंस. केवढे उपकार केलेस!" मी ओरडायला लागले, आणि ओरडता ओरडता नेहमीसारखा दम संपला, छाती भात्यासारखी वर-खाली. तो जाळीला नाक लावून माझ्या ओठांकडे बघायला लागला. "आधी श्वास घे," तो म्हणाला. "मग शिव्या दे. मी थांबतो." दोन वर्षांत हे पहिल्यांदाच त्याच्या तोंडून आलं. मी आतलं लाकडी दार लावून घेतलं. तो पायरीवर वीसेक मिनिटं होता; आईने मोरीच्या खिडकीतून पाहिलं. मग गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. सप्टेंबरात टेहाचापीच्या घाटात ती गाडी उलटली. एकोणतीस वर्षांचा होता.

त्यानंतर ती जागा जगभर पसरली. मी शाळेच्या स्वयंपाकघरात दिवसाला चारशे ताटं वाढत होते, तेव्हा कुठे कुठे पोरं गिटार घेऊन बसली होती आणि ती थांबण्याची जागा मोजत होती. पावणेतीन मात्रा. पुस्तकांत तसं छापलंय. कुणी म्हणालं दारू, कुणी म्हणालं ख्रिस्त, कुणी म्हणालं बापाच्या आठवणीने गळा दाटला. आधी नुसत्या कॉयच्या गाण्यांत थांबायचे, मग स्वतःच्या गाण्यांत थांबायला लागले. शाळेचा बँड थांबायला लागला, ट्रकच्या जाहिरातीतला माणूस 'आमचा ट्रक' म्हणून थांबायचा आणि मग म्हणायचा 'कधीच दगा देत नाही'. एका उन्हाळ्यात स्वीडनहून एक माणूस ऑइलडेल बघायला आला होता, त्याने दंडावर दोन उभ्या रेघा आणि मधे मोकळी कातडी गोंदवून घेतली होती. कॅफेटेरियाच्या दाराशी त्याने मला रस्ता विचारला. मी त्या मोकळ्या कातडीकडे बघत राहिले. माझं डावं फुप्फुस होतं ते, त्या परक्या माणसाच्या दंडावर. मी त्याला रस्ता सांगितला, वर एक सफरचंदही दिलं. किती वेळा वाटलं की कुणाला तरी बाहीला धरून सांगावं. पण सांगायचं तर पुढचंही सांगावं लागलं असतं, दाराचं. आणि माझ्या दारातून तो परत गेला आणि चार महिन्यांनी मेला, हे मी स्वतःला सांगतानासुद्धा मधेच उठून भांडी घासायला घेते.

दवाखान्यात ठसका लागला त्याच आठवड्यात टॉड व्हेलनचा फोन आला. टॉड पन्नाशीचा आहे, बास वाजवतो, कॉयसारखी टोपी घालतो, आणि कॉयच्या जन्मतारखेला दरवर्षी कार्यक्रम करतो. स्वभावाने लाख माणूस. "मिस व्हर्लीन, एका जुन्या पोस्टरवर कॉयच्या खाली तुमचं नाव सापडलं. तुम्ही गायचात त्याच्याबरोबर? अहो, मग सांगितलं का नाही कधी?" "विचारलंस का कधी?" तो खळखळून हसला. यंदा ब्रिन कास्टर येणार होती, दवाखान्याच्या छतातली तीच पोरगी. तिच्याबरोबर मी 'कालव्याचं पाणी' गावं अशी त्याची इच्छा. मी म्हटलं बघते, आणि फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्याने रडले. मला टाळ्या नको होत्या, पोस्टरवर नाव नको होतं. कॉयने रेकॉर्डवर माझ्यासाठी राखलेली जागा होती, तिच्यात मी त्यानंतर कधी पाऊल टाकलं नव्हतं. मरायच्या आधी एकदा तिथे उभं राहायचं होतं, श्वास घ्यायचा होता आणि दुसरी ओळ वेळेवर म्हणायची होती. आठ दिवस मी रोज सकाळी अंगणात हात वर करून श्वास मोजले. छातीच्या डॉक्टरने शिट्टीसारखं एक यंत्र दिलं आहे, त्यात फुंकलं. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "व्हर्लीन, विमानाला खुणा करतेस का?"

तालमीला मी गुरुवारी दुपारी गेले, ट्रकवाल्यांच्या युनियनच्या हॉलमध्ये. ब्रिन सव्वीसची असेल. तिने मला मिठी मारली आणि सोडेना. "तुम्ही त्याला एवढ्या जवळून पाहिलंय," ती म्हणाली, आणि माझ्या तोंडाकडे असं बघत राहिली की जणू त्याच्यातलं काहीतरी अजून तिथे लागून राहिलं असावं. मी म्हटलं, "एकच माइक लाव, बाळ. समोरासमोर उभं राहू." तिला ते फारच आवडलं. नाकाला नाक आलं. तिच्या तोंडाला पुदिन्याचा वास होता. पहिली ओळ आम्ही गायलो, आणि माझा आवाज लागला. फाटका, पण सुरात. मग सगळं थांबलं. मी त्या जागेत होते. मी श्वास घ्यायला लागले, आत, खोल, डावीकडे जिथे काही जात नाही तिथपर्यंत, आणि छाती जेमतेम निम्मी भरली तोच पोरगी पुढे गेली. 'मी मात्र इथेच राहिलो.' तिचे डोळे मिटलेले होते. आजकाल सगळे मिटतात. मला पोहोचताच आलं नाही. पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी पहिली ओळ मुद्दाम हळू म्हटली, दम वाचवून ठेवला, तरीही तेच. हिशेब साधा होता आणि तो मला आठ दिवस अंगणात सुचला नव्हता. ती जागा तेवीस वर्षांच्या मुलीच्या छातीच्या मापाची होती.

टॉड अदबीने जवळ आला. "काही नाही, मिस व्हर्लीन, मनात मोजायचं. पावणेतीन. मी पायाने ठेका दाखवतो." मग मी बोलले. चौपन्न वर्षं आवळून धरलेलं ते वाक्य मी अशा युनियनच्या हॉलमध्ये, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांमध्ये, एका बासवाल्याला सांगून टाकलं. "तो मोजत नव्हता रे. तो मला श्वास घेऊ देत होता. माझं एक फुप्फुस गेलेलं आहे. माझा श्वास होईपर्यंत तो थांबायचा." टॉडचे डोळे भरून आले. त्याने माझा हात दोन्ही हातांत घेतला. "किती सुंदर," तो म्हणाला. "खरंच. तुम्हाला सांगतो, त्याला ओळखणारं जे जे माणूस मला भेटलं ना, त्या प्रत्येकाकडे त्या जागेची एक गोष्ट आहे. त्याचा ड्रमवाला मरताना म्हणाला, माझी काठी पडली होती म्हणून कॉय थांबला. त्याची बायको म्हणायची, काचेपलीकडे मी उभी होते, मला बघून थांबला. प्रत्येकाला वाटतं तो आपल्यासाठी थांबला. हीच तर त्याची ताकद." त्याच्या बोलण्यात कुचेष्टेचा लवलेश नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी दोन शिव्या तरी हासडल्या असत्या. ब्रिन हळूच म्हणाली, "आपण थोडं जास्त थांबायचं का? यांच्यापुरतं?" सगळा बँड तिच्याकडे बघायला लागला. टॉडला ते बोलणं जड गेलं, पण तो बोलला. "तसं नाही करता येणार गं. हॉलमधले सगळे मनात मोजत असतात. आपण थांबून राहिलो तर लोक म्हणतील चुकले. त्याची एवढी एकच गोष्ट आपल्याकडे उरलीय, ती तरी जशीच्या तशी ठेवूया." मग माझ्याकडे वळून, अगदी मायेने, "तुम्ही असं करा, मिस व्हर्लीन. पहिले दोन शब्द सोडून द्या. 'मी मात्र' ती म्हणेल, तुम्ही 'इथेच'पासून या. कुणाच्या लक्षातही येणार नाही."

मी हो म्हटलं. काय म्हणणार? त्या पोराने तीस वर्षं कॉयचं नाव पुसू दिलं नव्हतं, आणि मी त्या कॉयलाच दारातून परत पाठवलं होतं. भांडायचा हक्क कुणाचा? आम्ही पुन्हा उभे राहिलो. टॉडने चार मोजले. पहिली ओळ झाली. तारांवर हात पडले, स्टील गिटारचा सूर लोंबकळला, हॉलमधला पंखा ऐकू यायला लागला. मी श्वास घ्यायला लागले आणि पोरीच्या ओठांकडे बघत राहिले, कारण मला दुसरीकडे कुठे बघायचं ते कधी शिकवलंच नाही कुणी. तिने डोळे मिटून घेतले होते आणि तिचं बूट घातलेलं पाऊल जमिनीवर ठेका मोजत होतं. एक. दोन. पाव, अर्धा, पाऊण. तिचे ओठ उघडले. माझा श्वास अर्ध्यावर होता. कॉय असता तर थांबला असता. आज त्याला किती वेळ थांबावं लागलं असतं कोण जाणे, पाच मात्रा, दहा मात्रा, लोक खुर्च्यांवरून उठून गेले असते, तरी तो तळहात तारांवर टाकून माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला असता. गाणं पुढे गेलं. मी 'इथेच'पासून आले. शेवटचा सूर विरल्यावर सगळे टाळ्या वाजवायला लागले, आणि टॉडने टोपी काढून डोळे पुसले. "बस्स," तो म्हणाला. "आता जमलं. अगदी कॉयसारखं." मी नुसती मान डोलावली. बोलायला माझ्यात श्वास नव्हता.